दोडका

आमच्या सर्व्हरांना भाज्यांची नावं आहेत.
ही करणी सबनीस सरांची. ते रिटायर झाले, नावं राहिली:
पडवळ, घेवडा, तोंडली, दोडका.
त्यामुळे खराडीत, नवव्या मजल्यावर,
रात्री अडीचला मी फोनवर गंभीरपणे सांगते,
"तोंडली चालू आहे, पण दोडक्यात जागा उरली नाही,"
आणि पलीकडे कुणी हसत नाही.
पलीकडे सगळं बंद पडलेलं असतं.

सगळं नीट चाललं की मी नसते.
वर्षभर नीट चाललं की वरचे विचारतात,
ही नक्की करते काय?
आईही विचारते. तिला सांगून ठेवलंय,
सोसायटीत पंप सोडणारे वामनकाका आहेत ना, तेच,
फक्त पाणी दिसत नाही.
तेव्हापासून ती वामनकाकांना चहा नेऊन देते.

रविवारी जुन्या बाजारात जाते
चावी हरवलेली कुलपं घ्यायला.
अस्लमभाई आता बाजूला काढून ठेवतात.
"मॅडम, चावी नाही हां याची."
नाही, म्हणून तर.
धानोरीच्या गॅलरीत बसून, वाकवलेल्या तारेनं
आतला एकेक खटका चाचपत राहते.
उघडलं की परत लावून टाकते.
अठ्ठावीस झालीत.
एक अलीगढी तीन वर्षं दाद देत नाही.
त्याच्याशी माझं बरं जमतं.

आणि शिफ्ट नसेल त्या रात्री, खेळ.
खेळात मी वैद्य. नाव काळीमिरी.
तलवार कधी हातात घेतली नाही.
पुढे ढाल घेऊन इचलकरंजीचा भोपळ्या,
यंत्रमागाच्या खडखडाटात माइक चालू ठेवणारा.
मागे तात्या, अकोल्याचे निवृत्त पोस्टमास्तर,
बाण मारतात, पण आधी चष्मा शोधतात.
"मिरे, पाय गेला वं माहा, पाह्य जरा."
बघते.
सहा वर्षं दोघांना मरू दिलं नाही.
दोनदा दिलं. दोन्ही वेळा दोडका पडला होता.

मार्चमध्ये खेळ बंद झाला. कंपनीला परवडेना.
वेळ त्यांच्या मध्यरात्रीची,
म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच.
आम्ही तिघं पुलावर बसलो. लढायला काही उरलं नव्हतं.
तात्यांनी उरलेले बाण नदीत टाकले, मोजून,
टपाल लावल्यासारखे.
भोपळ्यानं माग थांबवला होता;
त्याला सर्दी असते हे सहा वर्षांनी कळलं.
आकाशात पिवळी अक्षरं उमटली: दहा मिनिटं.

मला मात्र दुसरंच दिसत होतं.
कुठल्याशा थंड खोलीत स्वेटर घालून बसलेलं कुणीतरी,
ज्याच्या बोटाखाली ते बटण होतं.
तो खेळायचा का कधी?
की आजच्या कामांच्या यादीतली
आम्ही नुसती चौथी ओळ?

तात्या म्हणाले, "बरं मंग पोरंहो,"
आणि पुढचं वाक्य तिकडेच राहिलं.

सोमवारी दोडका काढायचा होता.
अकरा वर्षं चालला. सगळं नव्या जागी हलवलेलं.
त्याच्यावर कोण आहे, तपासलं. शून्य.
परत तपासलं. शून्य.
तरी लिहिलं, सगळ्यांसाठी:
"दहा मिनिटांत दोडका बंद होतोय.
कुणाचं काही राहिलं असेल तर उचलून घ्या."
आणि बाह्या बोटांपर्यंत ओढून बसून राहिले.

आठव्या मिनिटाला निनादनं दार ढकललं.
"झालं का?"
"दोन मिनिटं."
"कोण आहे त्याच्यावर?"
"कुणी नाही."
त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
काही बोलला नाही.
खुर्ची ओढून तोही बसला.

पंखे एकेक करत मंदावले.
एसीचा आवाज केवढा मोठा आहे,
इतकी वर्षं कळलंच नव्हतं.