उलटी बाजू

आई चादर धुवायला मागतेय.
थांब म्हटलं, धूर आहे अजून तिच्यात
किर्गिझस्तानातला.

तंबूत आम्ही सात जणी,
शेंगाचटणी दुसऱ्याच रात्री संपली.
चढावर सुवर्णा येमूल बसली ती बसलीच,
म्हणाली, साखर पेठेत एवढा साधा जिना पण नाही गं.

खाली मेंढ्यांपाशी एक म्हातारी.
चहा दिला, काहीतरी बोलली,
आम्ही मराठीत हसलो.
तिनं माझी चादर ओढली, उलटी केली,
अंगठ्यानं धागा चाचपला
अगदी नायना चाचपतात तसा.

नायनांना सांगितलं.
माग थांबवून त्यांनी एवढंच विचारलं,
"कडेची गाठ दिसली का तिला?"

दिसली.
तिथंच बोट ठेवून हसली.

"हं," म्हणाले,
आणि बटण दाबलं.