दहावा मैल

बत्तीस वर्षं ओझरच्या कारखान्यात रिव्हेट मारले,
विमानांच्या पोटात उताणा पडून,
डावा कान जाईस्तोवर.
विमानात बसलो मात्र आज.
खिडकी, समोर पंखा, मांडीवर चिवड्याची पिशवी
हैदराबादच्या लेकीसाठी.
वर जाऊ तशी पिशवी तट्ट फुगत गेली.

मग उजवा पंखा थांबला.
धडाम वगैरे काही नाही,
उलट एक आवाज कमी झाला,
जेवणाच्या सुट्टीत एकेक मशीन गप्प होतं तसा.
उजव्या कानाला आधी कळलं.
पाती सहा होती.
मोजता यायला नको होती.

कॅप्टन म्हणाला, तांत्रिक कारणामुळे परत नाशिक.
तांत्रिक कारण!
मीही रजिस्टरात हेच लिहायचो,
खरं लिहायची सोय नसे तेव्हा.

रामशेज तिरका झाला. शेततळी चकाकली,
द्राक्षबागा भांग पाडल्यासारख्या, जवळ, आणखी जवळ.
शेजारी अफरीन, वडाळा नाक्याची,
नर्सिंगच्या मुलाखतीला निघालेली.
उडताना तिच्यापुढे फुशारकी मारून बसलेलो,
म्हणून तिने मलाच विचारलं,
"काका, तुम्हाला यातलं कळतं ना?"
म्हटलं, एका इंजिनावर उतरतं, पोरी. आरामात उतरतं.

हे खोटं नव्हतं.
पण मार्च एक्क्याण्णव, टार्गेटची रात्र,
एक वाकडा रिव्हेट मी रंगाखाली जाऊ दिला होता.
ते विमान कुणी उडवलं, किती वर्षं,
कधी विचारलं नाही.
आता या पंखात कुणाची रात्र होती?

"डोकं खाली! डोकं खाली!"
कपाळ चिवड्यावर टेकवलं.
मनगटात अफरीनची नखं.

चाकं टेकली.
कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी ओकलं.
फोमच्या बंबावर आमच्या बागुलचा पोरगा,
हेल्मेटमधून हात करत होता, लग्नात भेटल्यासारखा.
पिशवी पुन्हा चपटी.

दहाव्या मैलावर उभा राहून घरी फोन लावला.
"पोहोचलात?"
नाही गं. इथेच आहे.
"अगं बाई! का? झालं काय?"
मी म्हणालो, एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये...
आग्रा रोडवरून कंटेनर चालले होते, एकामागून एक.
"काय? मोठ्याने बोला,
काही ऐकू येत नाहीये."