एक हात खिशात

तीनशे व्होल्ट असतात आत,
बटण बंद केल्यावरही बराच वेळ.
म्हणून बाबा डावा हात खिशात घालून काम करतात.
विजेनं धरलंच, तर छाती ओलांडून
पलीकडच्या हातात जाऊ नये.
तिबिलिसीतल्या आमच्या लाकडी सज्ज्यात
लहानपणापासून मी त्यांना असंच पाहिलंय,
बस चुकलेल्या माणसासारखे उभे,
उजव्या हातात धुराची बारीक रेघ.

वाझानं हॅम्बुर्गहून नवा अ‍ॅम्प्लिफायर पाठवला.
साबणाच्या वडीएवढा.
शेजारच्या झुझुनानं तळव्यावर तोलून पाहिला, म्हणाली,
दोन अंडी भरतील.
सोबत चिठ्ठी: ते धूड आता विका, बाबा.

धूड म्हणजे सतरा किलो.
बंद पडलेल्या सिनेमाघराच्या मागच्या दारातून
दोघांनी उचलून आणलेलं.
चार व्हॉल्व्ह. त्यातला एक बाकीच्यांहून बुटका.
बाबांच्या वहीत त्याचा सगळा आजार लिहिलेला आहे:
कपॅसिटर सुकले, चाळीस लारी.
पुलावरच्या बाजारात व्हॉल्व्हची जोडी, साठ;
विकणारा आईची शपथ घेत होता, न वापरलेली म्हणून,
पिनांवर मात्र ओरखडे.
ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळला, एक अख्खा हिवाळा.
(हिवाळ्यासमोर रक्कम मांडलेली नाही.)
बेरीज केली तर तिनात
साबणाच्या तीन वड्या आल्या असत्या.

मी कान तपासते. पोटासाठी.
बाबांचा आलेख माझ्याच कपाटात आहे:
चार हजारांच्या पुढे रेघ घसरते ती घसरतेच,
निसरड्या उतारावरून मेंढी जावी तशी.
ते म्हणतात, काचेतून आलेला आवाज उबदार असतो,
झांजेच्या कडेला बघ कसा सोनेरी धूर येतो.
झांजेची ती कड त्यांना गेली अकरा वर्षं ऐकू येत नाही.
हे मी सांगितलेलं नाही.

पण रविवारी मी दोऱ्यावर चादर टांगली.
दवाखान्यातलं मीटर आणलं,
दोघांचा आवाज काट्यावर सारखा केला.
एकच रेकॉर्ड, तीन गळ्यांचं गाणं,
सात वेळा अदलाबदल.
सातही वेळा बाबांनी साबणाच्या वडीकडे बोट केलं.
म्हणाले, बघ, खालच्या सुराचा माणूस
ओळ संपताना श्वास घेतो. इतकी वर्षं कळलं नव्हतं.
हेच माझं, ना?

मी चादर काढली.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. झुझुना अक्रोड फोडायची थांबली.
मग बाबांनी नवा उचलला, उलटा केला,
चष्मा कपाळावर सारून कडेकडेनं नख फिरवलं.
स्क्रू नाही. फट नाही.
"बरा आहे," म्हणाले. "खरंच बरा आहे.
पण मेला तर काय करायचं ह्याचं?"

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीला वीज
मेट्रोच्या केबलमधून चोरून यायची,
रात्री अर्धा तास, कधी तोही नाही.
सगळी घरं शेगडीवर भांडं ठेवायची,
बाबा हे लावायचे. गाणं नाही, नुसतं हे.
चार काचांवर सहा हात:
आईचे, वाझाचे, माझे.
आईची नखं आतून पेटल्यासारखी नारिंगी.
बाबा उभे, एक हात खिशात, घड्याळ बघत.
तो बुटका व्हॉल्व्ह तेव्हाचा.
मोजला तर निम्म्यावर आलाय.
बाकी सगळं बदललं, त्याला हात लावत नाहीत.

वाझाला मी फोनवर सांगितलं, नवा जिंकला.
तो म्हणाला, मग विकताय ना?
मी म्हटलं, लाइन खराब आहे.

आता नवा स्वयंपाकघरात असतो, बरण्यांच्या रांगेत.
स्वच्छ गातो. झुझुना त्याच्यावर खूश आहे.
सज्ज्यात ते धूड पाठीवर पडलेलं, पोट उघडं,
आणि मी बॅटरी धरून,
दुसरा हात आपसूक खिशात.

"जरा ते आतलं बंद कर," बाबा म्हणतात,
कान खाली नेत नेत,
"ह्याची गुणगुण कुठून येतेय, कळत नाही."