होकाराला शब्द नाही

सोरखा डेव्हनीच्या नावातली निम्मी अक्षरं
बोलायची नसतात.
हे तिनंच कळवलं, पहिल्या पत्रात, आयर्लंडहून,
आणि विचारलं, मढवीतला ढ कसा काढायचा?
मी लिहिलं, जिभेचं टोक मागे वळव, टाळूला लाव,
मग श्वास सोड, पण रागावू नकोस.
तिचं उत्तर: जमलं नाही,
कुत्रं मात्र उठून जवळ आलं.

ती फिरत्या वाचनालयाची गाडी चालवते.
मंगळवारी समुद्राकडची गावं, गुरुवारी डोंगराकडची.
परतीच्या तारखांच्या जुन्या पट्ट्यांवर
पाठकोऱ्या बाजूनं कविता लिहिते,
म्हणून तिच्या ओळी अरुंद.
चार शब्द मावले तर पुष्कळ.
आईला जी भाषा येत होती
ती आईनं तिला दिली नाही. पोटाला काय उपयोग, म्हणाली.
सोरखानं ती तिशी उलटल्यावर शिकली,
रात्रीच्या वर्गात, फी भरून.

मी नेरूळला पालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढते.
दीड वाजता रांग सरली
की ड्रॉवरमधून तिची एक पट्टी काढते.
सोबत इंग्रजी असतं, तिनंच केलेलं.

या कवितेत तिची आई इस्पितळात आहे
आणि सोरखा तिला तिच्याच भाषेत विचारतेय.
त्या भाषेत होकाराला शब्द नाही, नकारालाही नाही.
प्रश्नातलं क्रियापदच परत द्यायचं,
शेजारणीचं भांडं देतात तसं,
धुऊन, आणि रिकामं नाही.
दुखतंय? दुखतंय.
खिडकी लावू? लाव.
मला ओळखलंस?
इथं इंग्रजीत येस आहे.
ते येस आठवडाभर मला टोचत राहिलं,
माशाचा काटा हिरडीत राहावा तसं.

संध्याकाळी करावे गावात
आय निवटे साफ करत बसलेली.
टॉवरची सावली साडेचारलाच ओट्यावर येते आमच्या.
जेवलीस क? जेवले.
पगार झाला? झाला.
मला एकदम हसू आलं. ती म्हणाली, काय गो?
काही नाही, म्हटलं. आजोबांचं सांग ना, नोटिशीचं.

सिडकोचा साहेब बांधावर उभा होता, बुटाला खाजणाचा चिखल.
विचारलं, जमीन देताय ना?
आजोबा म्हणाले, कसतो.
त्याचं क्रियापद त्यांनी परत केलंच नाही,
दुसरंच ठेवलं त्याच्या हातात.
साहेबानं कागदावर लिहिलं: होकार.

आय तेव्हा नऊ वर्षांची.
कधी सांगते, कसतो म्हणाले.
कधी सांगते, काही बोललेच नाहीत, उघाडीकडे बघत राहिले,
पाणी आत येत होतं.
जिथं ती उघाडी होती तिथं आता
सेक्टरचा आकडा आहे आणि बॅडमिंटनचं कोर्ट.

हे सगळं मी सोरखाला लिहिलं.
तीन आठवडे काही आलं नाही.
मग एक पट्टी, पाकिटात घालून:
कुंदा, ते येस माझं.
आईनं उत्तर दिलं नव्हतं.
संपादकाला ती जागा
मोकळी वाटली,
मलाही भीती वाटली,
लोक म्हणतील ओळखलं नाही तिनं.
खाली पुस्तक परतीची तारीख,
एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची,
दंड पंचवीस पेन्स.

मराठी करताना त्या प्रश्नाखाली
मी एक ओळ कोरी सोडली.

काल सानपाड्याहून छापखान्यातल्या मुलाचा फोन.
मॅडम, पान बारावर, ओळखलंसच्या खाली,
एक ओळ राहिलीय का?

राहिलीय, मी म्हटलं.