एकतीस अक्षरं

बाकुलीचा फोन आला तेव्हा
मी पातेल्याच्या तळाशी करपलेल्या भातावर पाणी ओतत होते.
"तुझं नवं सॉफ्टवेअर म्हणतंय, माझ्याकडे एकोणीस खाटा आहेत.
माझ्याकडे चार आहेत, हांतानिरिना.
त्यातली एक विटांवर उभी आहे."

फियानारांत्सुआत जुलैचं धुकं.
खिडकीखालचं शहर पुसलेलं,
पडद्यावर मात्र सगळं हिरवंगार:
बावीस दवाखाने, बावीस पॅकेजं,
बावीस वेळा "यशस्वी".

केबल बदलली. पुन्हा पाठवलं.
राजधानीतल्या तुकीला झोपेतून उठवलं,
तो म्हणाला, व्हायरस असेल.
पगार उशिरा झाला तरी तो हेच म्हणतो.
पुन्हा पाठवलं. एकोणीस खाटा.
मध्ये दोन तास वीज गेली, ते मी धरत नाही.

मग जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं.
सर्व्हरवरच्या फायली मोजल्या,
काचेवर बोट ठेवून, मोठ्यानं,
संध्याकाळी आई कोंबड्या मोजायची तशा.
एकवीस.
पुन्हा एकवीस.

हा सर्व्हर दानात आलेला,
कुठल्याशा छापखान्यातून निवृत्त होऊन.
एकतीस अक्षरांपुढचं नाव त्याला पेलत नाही.
पेलत नाही असं तो सांगतही नाही,
कापतो आणि कामाला लागतो.
पहिली एकवीस आमच्या खात्याच्या नावानंच खाल्लेली,
उरलेल्या दहांत गाव बसवायचं.
आमच्या देशात! दहांत!
जिथे गावाचं नाव म्हणजे अख्खं वाक्य:
अंबुहिमाहामासिना, टेकडी, जी पवित्र करते.
अंबुहिमाहासुआ, टेकडी, जी भलं करते.
कापून दोन्हीचं उरलं अंबुहिमाहा.
टेकडी, जी करते.
काय करते, ते कात्रीच्या पलीकडे.

पहिली फाईल आली, बसली.
दुसरी त्याच नावानं आली
आणि शेजारी नाही, तिच्या जागेवरच बसली.
भांडण नाही, आवाज नाही.
सर्व्हरनं दोघींनाही "यशस्वी" म्हटलं,
आणि त्याच्या हिशेबानं ते खोटं नव्हतं.

मला खरं तर कळायला हवं होतं.
माझ्या आडनावाच्या शेवटचं सुआ
बँकेनं बारा वर्षं असंच ठेवून घेतलंय.
रावुनियारी, म्हणतो तिथला शिपाई, आणि मी उठते.

पहाटे सगळ्यांना आकडे दिले.
पूर्ण नावं कागदावर लिहून
सर्व्हरच्या पाठीवर चिकटवली;
कागदाला लांबीचं वावडं नसतं,
दोन नावं तर कडेवरून वळून खाली उतरली.

"चार खाटा," बाकुली म्हणाली. "आता बरोबर.
पण विटा दाखवत नाही."
मग जरा थांबून, "आमचं नाव काय ठेवलंस?"
"शून्य तीन."
"आणि त्या एकोणीसवाल्यांचं?"
"शून्य चार."

"म्हणजे आम्ही आधी," ती म्हणाली,
आणि कुणाला तरी हाक मारून सांगायला गेली,
फोन तसाच चालू ठेवून.
करपलेल्या भाताचं पाणी गार झालं होतं.
ऐकत ऐकत प्यायले.