दूर म्हणजे थांब

जहराला हॉस्पिटल बांधत होतो, तेव्हाची गोष्ट.
क्रेनवर उनाल उस्ता, साठ मीटर वर,
खाली मी, हिरवं जॅकेट, हातात वॉकीटॉकी,
आणि दोघांच्या मध्ये एकही भाषा नाही.
इंग्रजी त्याचं माझ्याइतकंच: ओके, नो, प्रॉब्लेम.
अरबी दोघांचीही शिव्यांपुरती.

मोतालेब चहा द्यायचा. सिल्हेटचा,
तुर्कांच्या कंपनीत सात वर्षं मुरलेला.
त्यानं पहिला शब्द दिला: दूर.
दूर म्हणजे थांब.
मी हसलो. आमच्यात दूर म्हणजे दूर.
आमच्यातही, मोतालेब म्हणाला.
त्याची मुलगी अकरा महिन्यांची, फोटोतच बघितलेली.
तो हसला नाही.

मग एका दुपारी शमाल सुटला.
सळयांचा भारा हवेत, दातांत वाळू,
भारा लागला गरगरायला.
दूर, ओरडलो, दूर, दूर!
आणि वर त्या पिवळ्या धुळीत, जिथं केबिनही दिसत नव्हती,
कुणीतरी माझं ऐकलं.
भारा डोक्यावर तिरका, स्वतःशीच करकरत,
पण थांबलेला.
माझ्या शब्दावर एवढं वजन
आजवर कुणी टांगलं नव्हतं.

त्यानंतर मला लोभ सुटला.
मोतालेब म्हणाला, दूर हे यंत्राला, कुत्र्याला.
माणसाला म्हणायचं बेकले.
मोठ्या माणसाला बेकलेयिन.
आणि अदबीनं विचारायचं तर
बेकलेर मिसिनिझ. थांबाल का.
त्यातलं मि म्हणजे आपलं का.
सिमेंटच्या पिशवीचा कागद फाडून
त्यावर देवनागरीत लिहिलं आणि बघतच राहिलो.
त्यांच्या प्रश्नाच्या ऐन मधोमध
मी.
फक्त ऱ्हस्व.

पाठ करायला जागा कुठली? संडासात बसून
दार ठोठावणाऱ्या शाजीला म्हणायचो, बेकलेर मिसिनिझ.
तो मल्याळममधून जे म्हणायचा
त्यात अदब नसायची.

गुहागरहून निघताना
मी कुणालाच विचारलं नव्हतं, थांबाल का.
येतो म्हटलं, आपल्यात म्हणतात तसं,
आणि गेलो.

उनाल उस्ताचं कॉन्ट्रॅक्ट एका गुरुवारी संपलं.
गेटवर बस, इंजिन चालू,
तो पायरीवर, काखेत एक पिशवी.
पळत सुटलो. तोंडात दूर आलं होतं, गिळलं.
उनाल उस्ता, म्हटलं. ल्युत्फेन, म्हटलं.
बेकलेर, म्हटलं, धाप लागलेली, मि, सि, निझ.
एवढं जोडेस्तोवर तो थांबलेलाच होता,
एक पाय पायरीवर, एक खाली वाळूत.
पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला.
माझ्यापेक्षा ठेंगणा निघाला.

तो माझ्याकडे बघत उभा.
आणि मला पुढचं काही येत नव्हतं.
थांबवायला शिकलो होतो.
थांबलेल्या माणसाला काय सांगतात
हे मोतालेबला विचारायचं राहून गेलं.

ड्रायव्हरनं हॉर्न मारला.
उस्तानं खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, साबर,
की सबूर, की तसंच काही.
हा शब्द कुणाला शिकवावा लागला नाही.

बस वळताना खिडकीत दिसला.
दोन्ही हात पोटापाशी, बोटं एकमेकांत गुंफलेली.
क्रेनच्या खुणांत याचा अर्थ
आहे तसं राहू दे, कुणी हलू नका.

बस गेली. कमरेची वॉकीटॉकी खरखरली.
नवा ऑपरेटर वरून काही विचारत होता,
मालाबद्दल असावं, किंवा वाऱ्याबद्दल.
त्यातलं मि तेवढं मला कळलं.