तिसरी तार

डुलुथमध्ये मार्च सरत आला, सरोवराचा बर्फ आत्ता कुठे तडकतोय.
आर्विड लेह्टोच्या दुकानात हीटर खोकतो
आणि बाकावर मार्लिसची गिटार उताणी.

दांडी दाबली की सूर खाली वाकतात,
सोडली की पाच तारा घरी येतात.
तिसरी नाही. ती केसभर चढीच राहते,
भांडून आलेल्या माणसासारखी.

"तारेचा दोष नाही, घोडीचा," आर्विड म्हणतो,
"खाचेत अडकते बिचारी."

फडक्यावर तो तीन घोड्या मांडतो.
एक चाकांची : तार लोण्यातून सरकावी तशी सरकते,
पण खर्जात चाकं झणझणतात.
एक अखंड अॅल्युमिनियमची, आवाज खणखणीत,
वरच्या पट्ट्यांवर मात्र सूर अंदाजपंचे.
आणि ही, दोन टोकदार पायांवर डुगडुगणारी,
तारांबरोबर झुकते, तारांबरोबर परतते.

"अहो, हलतेय की ही!"
आर्विड नुसती हनुवटी खिडकीकडे करतो.
कालव्यावरचा अख्खा पूल
मोसमातल्या पहिल्या जहाजासाठी वर चाललाय.

मार्लिस वीस वेळा दांडी दाबते.
विसाव्यांदाही काट्याकडे बघते,
विश्वास नाहीच.
मग म्हणते, "बसवा."

"जुनी टाकून देऊ?"
भावाच्या तळहाताच्या घामानं
हिरवट पडलेली ती घोडी
मार्लिस कोटाच्या खिशात टाकते, किल्ल्यांसोबत.
जिना उतरताना
खिसा वाजत राहतो, कुठल्याच सुरात नाही.